ठासणीची बंदूक, एक गोळी आणि धुरापलीकडचं हरीण

आमच्या गॅरेजमध्ये एक जुना मिसळणाचा डबा आहे, सात वाट्यांचा, झाकण नीट बसत नाही म्हणून बायकोने स्वयंपाकघरातनं हाकलून दिलेला. त्यात हळद, जिरं, मोहरीच्या जागी आता झाडलेल्या गोळ्या असतात. एका वाटीत चपट्या झालेल्या शिशाच्या गोळ्या, एकीत तांब्याची फुलं, एकीत नुसते फाटके पत्रे. आणि मधल्या वाटीत एकच वस्तू आहे, तांब्याचं रिकामं टरफल, आत काही नाही. त्या टरफलापायी हा सगळा उद्योग सुरू झाला म्हणून आज त्याबद्दल जरा सविस्तर. कोणी विचारलं नव्हतं, पण ब्लॉग आपलाच आहे.

मी मूळचा सावंतवाडीकडचा, शिक्षणाने मेटलर्जीवाला, गेली बरीच वर्षं अमेरिकेत, ओहायोत. इथे हरणाची शिकार कायदेशीर आहे आणि ऑफिसमध्ये लोक त्याबद्दल आपल्याकडे आंब्याबद्दल बोलतात तसे बोलतात, यंदा किती, कुठले, केवढे. हंटर एज्युकेशनचा कोर्स करायचा, लायसन्स आणि हरणाचं परमिट काढायचं, ज्याच्या जमिनीत जाणार त्याची लेखी परवानगी खिशात ठेवायची, अंगात भडक केशरी जॅकेट घालायचं, हरीण पडलं की त्याची नोंद करायची, असा सगळा रीतसर मामला. (महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांनी कृपया उत्साहात येऊ नये, आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि तो बरोबर आहे.) नोव्हेंबरअखेरीच्या आठवड्यात शॉटगन वगैरेवाल्यांची गर्दी उसळते. ती ओसरली की जानेवारीच्या सुरुवातीला चार दिवस खास मझललोडरचा सीझन असतो, आणि माझा जीव त्या चार दिवसांत अडकलेला.

मझललोडर म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपली ठासणीची बंदूक. आमच्या आजोबांकडे होती एक, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, भिंतीला खुंटीवर टांगलेली, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची. माझ्या आठवणीत तिच्यातून गोळी कधी सुटलीच नाही, माकडं आणि रानडुकरं बागेत शिरली की दारू घालायची, वर काथ्या ठासायचा आणि नुसता बार काढायचा. पण भरायची पद्धत मात्र त्यांनी मला दहाव्या वर्षी दाखवली होती. दारू मोजायचं एक बांबूचं नळकांडं होतं. मी ते काठोकाठ भरायला गेलो की म्हणायचे, "झिला, मोजून घाल, नायतर गाढवाची लाथ बसतली." हे वाक्य पुढे ओहायोत मला फार महागात पडलं, कारण मी ते विसरलो होतो.

आता इथली बंदूक. १९८५ साली मिझुरीतल्या टोनी नाइट नावाच्या माणसाने एमके-८५ नावाचं मॉडेल बाजारात आणलं आणि इनलाइन मझललोडरचं युग सुरू झालं. म्हणजे घोडा बाजूला नाही, ठिणगी थेट नळीच्या मागून सरळ रेषेत. आजकालच्या बंदुकीत शॉटगनच्या काडतुसातलं २०९ नंबरचं प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, वापरतात, वर दुर्बीण लावतात, दिसायला रायफलच. माझी ५० कॅलिबरची आहे, म्हणजे नळीचं तोंड अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. पण मुळात भरायची तशीच, तोंडातून. आधी दारू, मग गोळी, मग गजाने ठासायचं. आणि बार एकच. चुकला तर पुन्हा भरेपर्यंत अर्धा मिनिट तरी जातो, तोवर हरीण पलीकडच्या काउंटीत.

मी इथे आलेल्या पहिल्या दोन सीझनमध्ये दुकानात जे सगळ्यात चकचकीत दिसलं ते उचललं. २५० ग्रेनची गोळी (ग्रेन म्हणजे गोळ्या आणि दारू मोजायचं वजन), टोकाला रंगीत प्लॅस्टिकची नोक, प्लॅस्टिकच्या टोपणात बसवलेली, आणि दारूच्या ५० ग्रेनच्या तीन कांड्या. म्हणजे १५० ग्रेनचा बार, बंदुकीवर लिहिलेली कमाल मर्यादा. मोठा बार म्हणजे जास्त वेग, जास्त वेग म्हणजे जास्त मार, असं सरळसोट गणित. इंजिनियर माणूस, पाकिटावरचे आकडे बघून खूश.

तिसऱ्या जानेवारीत सकाळी साडेआठला ओढ्याच्या काठाने एक मादी आली, ३५ यार्डांवर. अंग थोडं तिरकं होतं माझ्याकडे, खांदा पुढे. चाप ओढला आणि समोर नुसता पांढरा धूर. हे ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगून कळणार नाही, थंड, वारा नसलेल्या सकाळी तो धूर जागचा हलत नाही, तुम्ही आपले त्यातून माना वाकड्या करून बघताय आणि तोवर हरीण कुठे गेलं, पडलं का, शेपटी खाली होती का वर, काही कळत नाही. रायफलवाला दुर्बिणीतून सगळं बघतो. आपण फक्त ऐकतो. मला पाचोळ्यात धावल्याचा आवाज आला आणि मग काही नाही.

अर्धा तास थांबून गेलो तर रक्ताचा एक थेंब नाही. बर्फही नव्हता, ओला पाचोळा. जमिनीचा मालक, शेजारचाच म्हातारा शेतकरी, त्याला बोलावलं, दोघं वाकून वाकून एकेक पान उलटत फिरलो, अडीच तास. शेवटी त्यालाच दिसली, दीडशे यार्डांवर काटेरी झुडपात, मेलेली. सोलताना बघितलं तर एका बाजूला भोक, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. खांद्याचं मांस सगळं जांभळं, रक्ताच्या गुठळ्या आणि हाडाचा भुगा, एक पुढचा पाय टाकूनच द्यावा लागला. गोळीचं वेष्टन खांद्याच्या हाडामागे आणि आतलं शिसं भलतीकडेच, बरगड्यांत, तुकड्या-तुकड्यांनी. मधल्या वाटीतलं टरफल ते हेच. कंपनीचं नाव सांगत नाही कारण गोळीचा दोष नव्हता, तिला जिथे वापरू नये तिथे मी वापरली. म्हाताऱ्याने टरफल हातात घेऊन बघितलं आणि एवढंच म्हणाला की ही फार घाईत होती.

घाईत होती! मेटलर्जीची डिग्री घेऊन मला जे कळलं नव्हतं ते त्याने चार शब्दांत सांगितलं.

त्यानंतर मी हा विषय डोक्यात घेतला. गोळी नळीतून किती वेगाने निघते ह्याला शिकारीत फारसा अर्थ नाही, ती हरणाच्या अंगाला लागते तेव्हा तिचा वेग किती आणि त्या वेगाला तिचं पोट काय करतं, हा प्रश्न आहे. मऊ गोळीला जास्त वेग दिला की ती कातडीशीच फुटते आणि आत पोचतच नाही. कडक गोळीला कमी वेग दिला की उघडतच नाही, सुईसारखी आरपार जाते आणि जखम पेन्सिलएवढी. मझललोडरमध्ये हे जास्त त्रासदायक आहे कारण ही बंदूक रायफलच्या मानाने हळू आहे आणि तिचा वेग अंतरागणिक झपाट्याने पडतो, म्हणजे ३० यार्डांवर आणि १३० यार्डांवर तीच गोळी दोन वेगळ्या गोळ्यांसारखी वागते. आणि वर तो धूर. धुरामुळे मला हरीण जाताना दिसणार नाही हे धरूनच चालायचं, म्हणून मला माग हवा, आणि मागासाठी दोन भोकं हवीत, आत जाणारं आणि बाहेर पडणारं. बाहेरचं भोक खालच्या अंगाला असेल तर उत्तमच. बाकी फूट-पाउंड, म्हणजे गोळीची ताकद मोजायचं माप, वगैरे पाकिटावर छापायला ठीक आहे.

म्हाताऱ्यापासून सुरुवात करतो कारण सगळ्यात साधी गोळी त्याची. त्याची बंदूक बाजूला घोडा असलेली, केपवाली (घोडा पडला की ठिणगी देणारी छोटी टोपी), आजोबांच्या बंदुकीची सख्खी बहीण. तो घालतो शिशाची गोल गोळी, ०.४९० इंच व्यासाची, आणि तिच्याभोवती गादीच्या पट्टेरी कापडाचा तेल लावलेला तुकडा. कापडच नळीतल्या मळसूत्रासारख्या खाचा पकडतं आणि गोळीला पीळ देतं. वजन १७७ ग्रेन म्हणजे साडेअकरा ग्रॅम, जवळजवळ एक तोळा. मी त्याला तोळा म्हणजे काय ते समजावून सांगितलं, तेव्हापासून तो मला फोनवर विचारतो की ह्या वर्षी किती तोळे घेऊन येणार.

गोल गोळीच्या नळीला पीळ अगदी सैल लागतो, ६०-६६ इंचांत एक वेढा, तर माझ्या इनलाइनला २८ इंचांत एक. माझ्यात गोल गोळी घालून बघितली, मोठा बार भरला की कागदावर कुठेही लागते. गोळी शुद्ध शिशाची, त्यात कथील-अँटिमनी काही नाही, ब्रिनेल कडकपणा ५ च्या आसपास, नखाने ओरखडा पडतो. लोक चाकाच्या बॅलन्सिंगची जुनी वजनं वितळवून ओततात ती दुपटीहून कडक, कापडात नीट बसतही नाहीत. हवेत मात्र गोल गोळीचे हाल होतात, आकारच तसा, नळीतून सेकंदाला १,७५० फुटांनी निघालेली १०० यार्डांवर हजाराच्या आसपास येते. कागदावर हिशेब केला तर ४०० फूट-पाउंडही धड उरत नाहीत, आणि तरीही ह्या गोळीने दोन-अडीचशे वर्षं अमेरिकेत हरणं पाडलीयत. कारण ती हळू असते म्हणून तुटत नाही, मऊ असते म्हणून कमी वेगालाही पसरते, आणि एकसंध असते म्हणून वजन कुठे सांडत नाही. म्हातारा ७० यार्डांपलीकडे बारच काढत नाही. गोळीचा अर्धा गुण वापरणाऱ्याच्या संयमात आहे.

गोल गोळीची एकच अडचण, जड करायची तर जाडच करावी लागते. ५० कॅलिबरला १७७ ग्रेन, ५४ ला गेलात की एकदम २२४, घनाचा नियम. पण तुमच्याकडे बंदूक ५० चीच असेल तर मग गोळी लांब करायची, आणि इथे आपला १८५७ येतो. शाळेत काडतुसं आणि चरबीचं प्रकरण शिकलो पण त्या काडतुसात गोळी कसली होती हे कोणी सांगितलं नाही. १८५३ ची एनफिल्ड ही ठासणीचीच रायफल, तोंडाने काडतूस फाडून दारू ओतायची आणि गोळी ठासायची. गोळी नळीपेक्षा किंचित बारीक, म्हणजे पटकन आत जाते, आणि बुडाला पोकळी, त्यामुळे बार झाला की बूड फुगून खाचांत घट्ट बसतं. त्या वेळी ही केवढी मोठी गोष्ट होती, गोल गोळीला कापडात गुंडाळून दाबत बसायची कटकट संपली आणि पल्ला कितीतरी वाढला. आज दुकानात बुडाला प्लॅस्टिकचा घागरा लावलेल्या आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या गोळ्या मिळतात, पॉवरबेल्ट वगैरे, त्या विचाराने त्याच घराण्यातल्या.

ह्या पूर्ण बोअरच्या, म्हणजे नळीच्याच मापाच्या, लांब शिशाच्या गोळ्या मला मनापासून आवडतात. ३५० ग्रेन म्हणजे जवळपास दोन तोळे शिसं. ८० ग्रेनच्या बाराने साधारण १,३५० फुटांनी निघते, काही घाई नाही, बैलगाडीसारखी, पण समोर काय येईल त्यातून जाते. तोटे दोन. एक, ५० यार्डांवर नेम लावला तर १०० वर चार-पाच इंच खाली लागते, त्यामुळे अंतर नीट ओळखता आलं पाहिजे. दुसरा तोटा जास्त गंभीर आहे आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात, सैल बसणारी गोळी दिवसभर बंदूक तोंड खाली करून फिरवलीत तर दारूवरून पुढे सरकू शकते. दारू आणि गोळी ह्यांच्यात फट राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. मी गजावर भरलेल्या बंदुकीची खूण केलेली आहे आणि दर दोन-तीन तासांनी गज घालून बघतो, खूण तोंडाशी आली पाहिजे. आजोबा गज आत सोडायचे, तो टण्ण करून वर उडाला की गोळी बसली. ते मी करत नाही, मऊ शिशाचं नाक दबतं.

मुलामा दिलेल्या गोळ्यांबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. वरून तांबं दिसतं म्हणून ती जॅकेटवाली, म्हणजे शिशावर तांब्याचा जाड कपडा चढवलेली, वाटते. मुलामा म्हणजे नुसता पापुद्रा, आत तेच मऊ शिसं, त्यामुळे तिला शिशासारखंच वागवायचं, ८०-१०० ग्रेनचा बार पुष्कळ झाला. कोणी १५० भरतात आणि मग गोळी फुटली म्हणून रडतात. (मी पण रडलोय, दुसऱ्या गोळीवरून.)

मग येतात सॅबोवाल्या. सॅबो म्हणजे प्लॅस्टिकचं चार पाकळ्यांचं टोपण. गोळी ४५ कॅलिबरची, ०.४५२ इंचाची, म्हणजे मुळात पिस्तुलाच्या मापाची, ती टोपणात बसवून ५० च्या नळीत सारायची. नळीच्या खाचा प्लॅस्टिक पकडतं, गोळी नळीला शिवतही नाही. बाहेर पडल्यावर पाकळ्या उघडतात आणि टोपण गळून पडतं, रेंजवर कधी वेचून बघा, कण्हेरीच्या फुलांचा सडा पडल्यासारखं दिसतं. गोळी बारीक आणि लांब झाल्यामुळे हवा कमी अडवते. १०० ग्रेनच्या बाराने माझ्या क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) २५० ग्रेनची गोळी १,८४० फुटांच्या आसपास येते, १०० यार्डांवरही दीड हजारापर्यंत टिकते. उन्हाळ्यात सराव करताना नळी तापली की प्लॅस्टिक मऊ पडतं आणि गोळ्या भरकटतात, तेव्हा दोन बारांत दहा मिनिटं थांबा, चहा घ्या.

सॅबोच्या पोटात तीन तऱ्हेच्या गोळ्या येतात आणि खरी गंमत इथे आहे. पहिली साधी जॅकेटवाली, शिशाचा गाभा आणि वर तांब्याच्या मिश्रधातूचा कपडा. दोघं एकमेकांना चिकटलेले नसतात, नुसते दाबून बसवलेले. त्यातही दोन स्वभाव. हॉर्नडीची एक्सटीपी ही मूळ पिस्तुलाची, नाकाला भोक असलेली, कपडा त्या मानाने ठीकठाक जाड, मझललोडरच्या वेगाला ती शिस्तीत उघडते. आणि प्लॅस्टिकच्या नोकवाल्या असतात, त्यांची नोक लागताक्षणी पाचरीसारखी मागे घुसते आणि नाक फाडते. लांबच्या, वेग पडलेल्या बाराला हे हवंच असतं. पण ३५ यार्डांवर, १५० ग्रेनच्या बाराने, खांद्याच्या हाडावर? गोळीचा व्यास दुप्पट झाला की समोरचं क्षेत्रफळ चौपट होतं, ब्रेक तेवढाच जोरात लागतो, आणि कपडा व गाभा आपापल्या वाटेने जातात. माझं टरफल.

दुसरी बॉन्डेड. इथे गाभा कपड्याला डाग दिल्यासारखा जोडलेला असतो. कल्हई केलेलं भांडं आठवा, कल्हई पितळेवर नुसती बसलेली नसते, कथील आणि तांबं एकमेकांत थोडं मिसळलेलं असतं म्हणून ती पटकन सुटत नाही. शिसं आणि तांबं एकमेकांत मिसळायला नाखूश, पण मधे कथील किंवा फ्लक्स असेल तर चिकटतात. नाक कितीही फाटलं तरी शिसं कपड्याला धरून राहतं. मोठा बारच भरायचाय, थांबवतच नाही तुम्हाला स्वतःला, तर निदान ही घ्या. महाग असते.

तिसरी सबंध तांब्याची, उदाहरणार्थ बार्न्सची एक्सपान्डर एमझेड. शिसं नाहीच. तांबं शिशापेक्षा हलकं, घनता ८.९६ विरुद्ध ११.३४, म्हणजे त्याच वजनाला गोळी लांब होते, आणि नरम केलेलं तांबंसुद्धा शिशापेक्षा साधारण दहापट कडक. मग उघडणार कशी? त्यासाठी नाकात खोल पोकळी असते, ती हरणाच्या अंगातल्या पाण्याने भरली की आतून दाब येतो आणि भिंती सहा पाकळ्यांत फाटून मागे वळतात. म्हणजे सगळी मदार त्या पोकळीवर आणि तांब्याच्या नरमपणावर, ओढून-ठोकून आकार दिलेलं तांबं कडक होतं, ते तापवून पुन्हा नरम करावं लागतं, तांबट आळीतला कुठलाही माणूस हे सांगेल. वेग फारच पडला तर मात्र पाकळ्या उघडत नाहीत, म्हणून तांब्याला अगदी पेंगुळलेला बार देऊ नये.

दूध इथे गॅलनच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये मिळतं. ऑगस्टमध्ये मी असे पन्नासेक रिकामे कॅन जमवले (मुलाला शाळेत प्रोजेक्टला हवेत असं कॉलनीत सांगितलं, कबूल करतो) आणि म्हाताऱ्याच्या शेतात, मागे मातीचा उंच बांध बघून, पाणी भरून सहा-सहाच्या रांगा लावल्या, ५० यार्डांवर. एकेक कॅन साधारण सहा इंच रुंद.

गोल गोळी चौथ्यात सापडली, चपटी, बरोब्बर जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढी, वजन जवळजवळ होतं तेवढंच. एक्सटीपी चौथ्याच्या मागच्या भिंतीला टेकलेली, छान छत्री झालेली, थोडं शिसं गमावलेलं. प्लॅस्टिकच्या नोकवालीवर मी मुद्दाम १५० चा बार दिला, पहिला कॅन फुटून त्याच्या चिंध्या झाल्या, दुसऱ्यात कपडा आणि तिसऱ्यात शिसं. मुलं जाम खूश, सगळ्यात मोठा फवारा तिचाच उडाला, आणि यूट्यूबवर ह्याच फवाऱ्यावर ती गोळी विकली जाते. मग तीच गोळी ९० ग्रेनच्या बाराने मारली, तर चौथ्यात सबंध मिळाली. तीच गोळी! फक्त घाई काढून घेतली. तांब्याची पाचव्यात, सहाच्या सहा पाकळ्या शाबूत, आठ आण्याएवढं फूल, काट्यावर ठेवली तर वजन कमी झालंय हे कळतही नव्हतं. आणि ३५० ग्रेनची बैलगाडी सहाही कॅन पार करून बांधात गेली, फावड्याने खणून काढली.

आता पाणी म्हणजे हरीण नव्हे हे मलाही कळतं. पाण्यात हाड नाही, कातडी नाही, फुफ्फुसात तर बरीचशी हवाच असते. हरणाची छाती आडवी मोजली तर फूट-सव्वाफूट, म्हणजे आडव्या उभ्या हरणाला ह्यातली कुठलीही गोळी, योग्य बाराने, पुरते. फरक पडतो तो तिरक्या बाराला आणि खांद्याच्या हाडाला. आणि माझ्यासारख्या माणसाला जागेवर बसून, थंडीत बोटं बधिर झालेली असताना, हरीण अगदी आडवं उभं राहीपर्यंत थांबायची अक्कल दर वेळी सुचेलच असं नाही.

मी खरं तर शिशाच्या बैलगाडीवरच थांबलो असतो. पण त्या पहिल्या हरणाची सागोती झाली होती (भाजक्या खोबऱ्याचं वाटप, वर वडे, व्हेनिसनला मालवणी मसाला जो मानवतो तो इतर कुणाला नाही), आणि जेवताना बायकोच्या दाताखाली काहीतरी आलं. बारीक, करडं, तांदळाच्या कणीएवढं. तिने ते ताटाच्या कडेला ठेवलं, आमच्या चार वर्षांच्या पोराच्या ताटाकडे बघितलं, आणि विचारलं, "हे शिसं ना?" पुढे काही बोलली नाही. उरलेलं मांस दुसऱ्या दिवशी फ्रीझरमधून गेलं.

मग वाचत बसलो. २००८ साली नॉर्थ डकोटात गरिबांसाठीच्या अन्नपेढ्यांना शिकाऱ्यांनी दान दिलेल्या हरणाच्या खिम्याचे एक्सरे काढले, शिशाचे कण दिसले, आणि राज्याच्या आरोग्य खात्याने तो खिमा वाटू नका असं सांगितलं. त्याच वर्षी मिनेसोटाने मेलेल्या मेंढ्यांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून एक्सरे काढले. झपकन फुटणाऱ्या रायफलच्या गोळ्यांनी एकेका मेंढीत शंभरावर कण सोडले, तेही जखमेपासून लांब लांब, त्या मानाने मझललोडरच्या आणि शॉटगनच्या गोळ्या कमी तुटल्या. म्हणजे हळू जाणारं एकसंध शिसं त्यातल्या त्यात बरं. पण तांब्यात तो प्रश्नच नाही. कॅलिफोर्नियाने तर जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाच्या गोळ्याच बंद केल्यात, तिथलं कारण मुख्यतः कॉन्डोर गिधाडं, शिकाऱ्याने मागे टाकलेली आतडी खाऊन मरायची. आपल्याकडे गिधाडं गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक ह्या औषधाने गेली, इथे शिशाने.

तर सध्या माझा हिशेब असा आहे. घरात खायच्या हरणासाठी २५० ग्रेनची तांब्याची, सॅबोत, १०० ग्रेनचा बार, मापाने. ब्लॅकहॉर्न २०९ नावाची दारू वापरतो, ती वजनाने भरायची तर ७० ग्रेन, मापाचा आणि वजनाचा आकडा एक नाही हे नवीन माणसाने पाठ करून ठेवावं, आणि साधी धूर न करणारी रायफलची दारू काळ्या दारूच्या बंदुकीत कधीच, कधीच नाही. अंतर १२० यार्डांच्या आत, तिथवर पाकळ्या उघडतात ह्याची मी कॅनवर खात्री केलीय. गोल गोळी म्हाताऱ्याच्या बंदुकीतून, त्याच्या शेजारी बसून, वर्षातून एकदा, कारण तसा वास आणि तसा आवाज दुसऱ्या कशाला नाही. शिशाच्या लांब गोळ्या कपाटात आहेत, रेंजवर काढतो. १५० चा बार बंद.

ह्या जानेवारीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, प्रकाश जायला वीसेक मिनिटं, बर्फ पडून गेलेला, ओढ्याच्या त्याच काठाला एक मादी आली. ६० यार्ड. थोडी तिरकी. ह्या वेळी थांबलो, ती दोन पावलं पुढे जाऊन आडवी झाली. बार निघाला, धूर उभा राहिला आणि नेहमीप्रमाणे मला काही दिसलं नाही. पण उठून गेलो तर बर्फावर दोन्ही बाजूंना लाल शिंतोडे, लहान मुलानेही माग काढला असता, चाळीस पावलं आणि पुढे ती पडलेली. म्हाताऱ्याला फोन केला, तो म्हणाला मग मला कशाला उठवतोस.

सोलताना बायकोने टॉर्च धरला होता. आत जाणारं भोक अंगठ्याएवढं, बाहेरचं चार आण्याहून मोठं, खांदा स्वच्छ. ती म्हणाली, गोळी कुठेय, डब्यात ठेवायला नको? गोळी मागच्या टेकडीत कुठेतरी. दुसऱ्या दिवशी मी फावडं घेऊन गेलो होतो, तासभर खणलं, मिळाली नाही.